दारावरचे चार आकडे

एक

दार जागेवर होतं. दाराच्या दोन्ही बाजूंचे खांब जागेवर होते. दारावरची तुळई तेवढी नव्हती.

सुताराला आधी वाटलं, आपण चुकीच्या खोलीत शिरलो. पण त्या घरात खोल्या मोजून चार, आणि गेली दोन वर्षं तो त्या चारही खोल्यांत रोज आठ तास काढत होता. त्याने हातातली पिशवी खाली ठेवली, डोळे चोळले आणि पुन्हा वर पाहिलं. पुढची खोली आणि मागची खोली यांच्यामधलं ते दार, त्याच्यावर साडेतीन फूट लांबीची काळीभोर आडवी तुळई असायची, काल संध्याकाळी तो कुलूप लावून निघाला तेव्हाही होती. तिथे आता नुसती पोकळी होती, आणि दोन्ही खांबांत एकमेकींकडे तोंड केलेल्या दोन खाचा. वरचा कूड आपल्या काठ्यांवर जसाच्या तसा उभा होता. जमिनीवर चार लाकडी खुंट्या एका ओळीत नीट मांडून ठेवल्या होत्या. भुसा चिमूटभरही नव्हता.

घर लाकडी सांगाड्याचं होतं. उभे खांब, आडव्या तुळया, तिरके टेकू, आणि त्यांच्यामधल्या चौकोनांत काठ्या विणून, माती लिंपून, वर चुना दिलेले कूड. गावात अशी घरं आणखीही होती, पण त्यांना कोणी विचारत नव्हतं. या घराचा मान त्या तुळईमुळे. तिच्यावर सालाचे चार आकडे कोरलेले होते आणि त्या आकड्यांवरून घराचं वय तीनशे चाळीस वर्षं ठरलं होतं. त्या वयावर एक पुस्तक निघालं होतं, पुस्तकाच्या तीन आवृत्त्या झाल्या होत्या, आणि येत्या रविवारी घर संरक्षित यादीत घालायला मोठी समिती येणार होती.

पुस्तकाचे लेखक पंधरा मिनिटांत हजर झाले. त्यांनी पोकळी पाहिली, खाचा पाहिल्या, खुंट्या पाहिल्या आणि शेवटी सुताराकडे पाहिलं. आवाज न चढवता ते म्हणाले, की एवढी सफाईदार चोरी सुतारच करू शकतो, आणि या घरात सुतार एकच आहे. तुळई संध्याकाळी पाचपर्यंत परत आली तर ठीक. नाही आली तर ते पोलिसांत जातील.

सुताराच्या तोंडचं पाणी पळालं. दोन वर्षं खपून त्याने हे घर दुरुस्त करून पुन्हा उभं केलं होतं, आणि पुढच्या महिन्यापासून त्याची मुलगी त्याच्या हाताखाली काम शिकायला येणार होती. जुन्या घरातून सामान पळवणारा, असं एकदा नाव पडलं की कोणी त्याला कुठल्या जुन्या घराचा उंबरा ओलांडू देणार नव्हतं. त्याने फोन काढला आणि जुन्या कामांवरून ओळखीच्या असलेल्या अशा एका बाईंना लावला, ज्यांनी बावीस वर्षांत या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

दोन

त्या बाईंना सगळे मापबाई म्हणत. इमारत खात्यात एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढल्यावर निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, पण मोजमापाची फीत पर्समधून निघाली नव्हती. लग्नाच्या आमंत्रणाला गेल्या तरी हॉलची उंची मनातल्या मनात काढून येत.

सुताराचं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कोणत्या घरातली तुळई हे कळल्यावर मात्र त्यांना जे वाटलं, त्याला दुःख म्हणता आलं नसतं. त्यांना आनंद झाला. मग आनंद झाल्याची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच त्यांनी चपला घातल्या.

त्याचं असं होतं. बावीस वर्षांपूर्वी खात्याने जुन्या घरांची पाहणी काढली, तेव्हा मापबाई आणि पुस्तकाचे हे लेखक, म्हणजे ग्रंथकार (हे नाव मापबाईंनीच मनात ठेवलं होतं आणि ते प्रेमाने ठेवलं नव्हतं) एकाच टेबलावर काम करत. दर रविवारी दोघं मिळून जुनी घरं मोजायचे, एकेका घराला तीन-चार रविवार लागायचे. मोजायच्या त्या, लिहायचा तो. तो त्यांना ‘अगं’ म्हणायचा, त्या त्याला ‘अरे’. हे घर मोजून झाल्यावर त्यांनी अहवालात लिहिलं, की इथे दोन वेगवेगळ्या काळची बांधकामं जोडली आहेत आणि त्यातलं जुनं फार तर सव्वाशे वर्षांचं आहे. अहवाल फायलीत जाऊन पडला. तो मात्र रविवारचा एकटाच या घरी जायला लागला. दोन महिन्यांनी बातमी आली, की दारावरचा गिलाव्याचा पोपडा निखळला आणि आत आकडे सापडले. पुस्तक निघालं. त्यात मापबाईंची सगळी मापं होती, नकाशे होते, खांबांमधली अंतरंसुद्धा होती. मापबाईंचं नाव नव्हतं.

तेव्हापासून त्यांनी त्या घराचं नाव टाकलं. त्याचे सत्कार झाले, त्यांनी वर्तमानपत्रं घडी घालून रद्दीत टाकली. त्याच्या भाषणाची जाहिरात दिसली की त्या रस्ता बदलायच्या. महिन्याभरापूर्वी मात्र त्यांच्या मनाने उचल खाल्ली. लाकडात दर वर्षी वाढणाऱ्या गोल कड्या मोजून झाड कधी तोडलं ते सांगणारी एक प्रयोगशाळा होती. त्यांनी तिला पत्र लिहून कळवलं, की एका प्रसिद्ध घरातली तुळई तपासण्यासारखी आहे. सही ‘एक नागरिक’ अशी केली. तपासणीची तारीख ठरल्याचं जुन्या खात्यातून त्यांच्या कानावर आलं होतं. तो आपटला तर पाहावं, एवढीच इच्छा होती, आणि ती इच्छा त्यांनी स्वतःपासूनही फारशी लपवली नाही.

आता तपासणीच्या तोंडावर तुळईच नाहीशी झाली होती. घराच्या फाटकापाशी पोचेपर्यंत मापबाईंच्या मनात चोराचं नाव पक्कं झालं होतं.

तीन

चाव्या तिघांकडे होत्या. एक सुताराकडे, एक ग्रंथकारांकडे आणि एक मालकीणबाईंकडे. मालकीणबाई साठीच्या, एकट्या. दुरुस्ती चालू होती तोवर त्या मागच्या अंगणातल्या पडवीत राहत. तिथे त्यांच्या वडिलांचा सुतारकामाचा कारखाना होता. त्यांचा भाचा शेजारच्या गल्लीत राहायचा आणि मावशीची चावी खिळ्यावरून उचलणं त्याला अवघड नव्हतं.

भाच्याला मापबाईंनी आधी गाठलं. त्याने काही लपवलं नाही. घर संरक्षित झालं की ते पाडता येणार नाही, आणि त्याला तिथे तीन मजली इमारत हवी होती, हे त्याने स्वतःच सांगितलं. आदल्या संध्याकाळी तो कुठे होता, याचं उत्तर मात्र त्याने तीनदा बदललं. शेवटी कळलं, की तो केसांना रंग लावून घ्यायला गेला होता आणि ते सांगायची त्याला लाज वाटत होती. केस अजून ओलसर काळे दिसत होते. मापबाईंनी त्याला भिंतीतला एक सैल खिळा ठोकायला सांगितला. हातोडा त्याने दांड्याऐवजी लोखंडापाशी धरला आणि पहिलाच घाव अंगठ्यावर घेतला. हा मुलगा तुळई काढायला आला असता तर करवत घेऊन आला असता आणि निम्मी भिंत घेऊन गेला असता.

मालकीणबाई पडवीच्या दारात बसल्या होत्या. रडून रडून डोळे सुजले होते. बावीस वर्षांपूर्वी चहाचा ट्रे घेऊन येणारी, फारसं न बोलणारी ती बाई मापबाईंना अंधूक आठवत होती. मालकीणबाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, की पोलीस नकोत, गेली तर गेली, सुताराला त्रास नको. एवढं घडूनही या बाईला दुसऱ्याची काळजी, असं मापबाईंच्या मनात आलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

सुतार त्यांना पडवीत नेऊन चहा द्यायला लागला. भिंतीवर मालकीणबाईंच्या वडिलांच्या लाकूड कोरायच्या पटाश्या टांगलेल्या होत्या, लहानापासून मोठ्यापर्यंत. त्यांच्याकडे पाहून सुतार म्हणाला, की म्हाताऱ्याला जाऊन तीस वर्षं झाली, पण यांच्यावर गंजाचा ठिपका नाही, धार अजून आहे. खाली म्हाताऱ्याचं कामाचं मोठं बाक होतं. ते आपण कधी वापरत नाही, असंही त्याने सांगितलं. खालची एक आडवी पट्टी नाही, त्यामुळे रंधा मारायला गेलं की बाक डुगडुगतं. त्याने बाकावर दोन कप ठेवले आणि काठोकाठ चहा ओतला.

मापबाई चहा प्यायल्या खऱ्या, पण लक्ष बाहेर होतं. अंगणातून ग्रंथकार येत होते, पांढऱ्या शर्टात, हातात पुस्तकाची तिसरी आवृत्ती. मापबाईंना पाहून ते जागच्या जागी थांबले.

“बाई, तुम्ही?” ते म्हणाले. “तुम्ही कशाला तसदी घेतलीत?”

बावीस वर्षांत ‘अगं’चं ‘तुम्ही’ झालं होतं. मापबाईंनी कप खाली ठेवला.

चार

त्यांनी ग्रंथकारांना अंगणात थांबायला सांगितलं आणि सुताराला घेऊन दाराशी आल्या. आधी खुंट्या उचलल्या आणि एकेक करून सुताराच्या तळहातावर ठेवल्या.

“नीट बघ,” त्या म्हणाल्या. “घाबरलास म्हणून सकाळपासून पाहिल्या नाहीस.”

सुताराने एक खुंटी डोळ्यांसमोर धरली, फिरवली, दुसरी धरली. त्याच्या कपाळावर आठी पडली. चारही खुंट्या सरळसोट होत्या. त्याने सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता त्याचा आवाज बदलत गेला. सांगाड्याच्या घरात एका लाकडाच्या टोकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते आणि दोन्हींतून आरपार खुंटी जाते. पण खांबातलं भोक आणि जिभेतलं भोक सुतार मुद्दाम एका रेषेत पाडत नाही, जवभर मागेपुढे ठेवतो. खुंटी ठोकली की ती वाकत वाकत शिरते आणि सांधा आवळून घेते. अशी खुंटी शंभर वर्षांनी काढली तरी वाकडीच निघते. या घरातल्या कामाला लागलेल्या एकूण एक जुन्या खुंट्या त्याने वाकड्याच काढल्या होत्या.

मग मापबाईंनी पर्समधून फीत काढली. स्टुलावर चढल्या आणि डाव्या खांबातल्या खाचेत तिचं टोक घातलं. दोन इंच. उजवीकडच्या खाचेत घातलं. फीत आत गेली, आणखी आत गेली. साडेचार इंच.

त्या स्टुलावरून उतरल्या. त्यांनी सुताराला विचारलं, की त्याला ही तुळई काढायची असती तर त्याने काय केलं असतं. तो म्हणाला, छपराखाली टेकू लावले असते, चार माणसं बोलावली असती आणि एक खांब बाजूला ओढला असता, कारण दोन्ही टोकांना जीभ असलेली तुळई उभ्या खांबांमधून निघतच नाही. किमान दोन दिवसांचं काम. दुसरा मार्ग म्हणजे कापायची.

“आणि ही एका संध्याकाळात निघाली, न कापता,” मापबाई म्हणाल्या. “उजव्या खाचेतली पाचर काढली, तुळई उजवीकडे आत सरकवली, डावी जीभ मोकळी झाली, बाहेर काढली. एकट्या माणसाचं काम. पण ती सरकते हे माहीत असायला हवं. तुला माहीत होतं?”

सुताराने मान हलवली. त्या दाराला हात लावायचा नाही, असं त्याला पहिल्या दिवशीच बजावलं होतं, आणि कुठलाही सुतार शपथेवर सांगेल की असली तुळई सरकत नाही.

म्हणजे ज्याला माहीत होतं त्यानेच ती बसवली होती. आणि उभ्या खांबांमध्ये सरकवून बसवलेली तुळई घर बांधतानाची असूच शकत नाही. ती मागाहून आली. चार आकडे बनावट होते, तीनशे चाळीस वर्षं बनावट होती, आणि तीन आवृत्त्या त्याच बनावट लाकडावर उभ्या होत्या.

बावीस वर्षांत हट्टाला पेटून मापबाई इथे आल्या नाहीत. आल्या असत्या तर हे दहा मिनिटांत कळलं असतं. पण आता सगळं जुळत होतं. ग्रंथकारानेच आकडे कोरले, त्यानेच ते शोधले, आणि आता कड्या मोजणारा माणूस येणार म्हणून त्यानेच तुळई पळवली. त्या अंगणात आल्या त्या जवळजवळ धावतच.

पाच

“प्रयोगशाळेचा माणूस उद्या येणार होता,” त्या ग्रंथकारांसमोर उभ्या राहून म्हणाल्या. “लाकडाच्या कड्या मोजायला. आणि आजच तुळई गेली. योगायोग म्हणायचा का?”

ग्रंथकारांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांनी कोणता माणूस आणि कसल्या कड्या, ते विचारलं. मापबाईंनी सांगितलं: पेन्सिलीएवढं भोक पाडून नमुना घेतात, आणि झाड कोणत्या वर्षी तोडलं ते सांगतात.

मापबाई त्यांच्या चेहऱ्याची वाट पाहत होत्या. तो पडायला हवा होता, निदान क्षणभर. पण तो खुलला.

“म्हणजे तारीख सिद्धच झाली असती की,” ते म्हणाले, आणि लगेच त्यांचे डोळे भरून आले. “बावीस वर्षं मला लोक पुरावा मागतायत. हे मला कोणी आधी का नाही सांगितलं? आणि नेमकी आजच...”

एकतीस वर्षं मापबाईंनी खोटं बोलणारे ठेकेदार पाहिले होते, हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला काही माहीतच नव्हतं. त्याचा त्या चार आकड्यांवर खराखुरा विश्वास होता. त्या एका क्षणी मापबाईंना आपण किती जोरात, किती मनापासून याला गुन्हेगार ठरवू पाहत होतो ते दिसलं. सुताराची काळजी निमित्ताला होती. त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त निराशा झाली, हेही त्यांनी स्वतःशी कबूल केलं.

चार वाजायला आले होते. ग्रंथकार नाही, तर मग कोण? त्यांनी पहिल्यापासून विचार केला. तपासणीचं पत्र कोणाला जातं? घर ज्याच्या नावावर असतं त्याला, दुसऱ्या कोणाला नाही. दाराला हात लावू नकोस, असं सुताराला कोणी बजावलं? घराच्या मालकानेच बजावलं असणार. पोलीस नकोत, असं सकाळपासून कोण म्हणतंय? तीस वर्षं एका मेलेल्या माणसाच्या पटाश्यांना धार कोण लावतंय?

आणि त्यांना चहाचे कप आठवले. डुगडुगणाऱ्या बाकावर काठोकाठ भरलेले दोन कप, आणि त्यांतला थेंबही सांडला नव्हता.

सहा

मापबाई पडवीत गेल्या आणि बाकावर दोन्ही हातांनी भार दिला. बाक हललं नाही. त्या वाकल्या. खालच्या चार पट्ट्यांपैकी तीन धुळीने करड्या झालेल्या होत्या. चौथी काळीभोर होती, आणि तिच्या आतल्या बाजूवरून त्यांनी बोटं फिरवली तेव्हा चार आकडे हाताला लागले.

“वडिलांनी ते बाक जुन्या पुलाच्या लाकडातून केलं होतं,” मागून मालकीणबाई म्हणाल्या. “म्हणून जुनं दिसलं. माझ्याच्याने जाळवेना. जिथून काढली होती तिथेच परत बसवली.”

त्या दारात उभ्या होत्या. मापबाईंनी त्यांना बसायला सांगितलं, पण त्या बसल्या नाहीत. त्या बोलल्या ते हळू आवाजात, न थांबता. वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मुलीला पटाशी धरायला शिकवलं होतं. पण सुतारकाम करणारी मुलगी कोणी पसंत करत नव्हतं. दिवस तसेच गेले, वडीलही गेले. मग एके रविवारी दोघं जण घर मोजायला आले.

“टेपचं एक टोक तुमच्या हातात असायचं, दुसरं त्यांच्या हातात,” मालकीणबाई म्हणाल्या. “मध्ये मी चहाचा ट्रे घेऊन उभी. तुम्ही आकडा सांगायचात, ते लिहायचे, आणि दोघंही हसायचात. कशाला हसता ते मला कधी कळलं नाही. मला तुमचा इतका राग यायचा, की तुमच्या कपात मी साखर घालत नसे.”

मापबाईंना ते आठवलं. या घरातला चहा अगोड असायचा, आणि त्या मुकाट्याने प्यायच्या.

“चौथ्या रविवारी ते म्हणाले, झालं काम, घर काही फार जुनं नाही, आता यायची गरज नाही. मी आठवडाभर रडले. मग बाकाची पट्टी काढली, आकडे कोरले आणि जुन्या फळीच्या जागी ती सरकवली. वर गिलावा केला, आणि त्यांना निरोप धाडला की पोपडा पडलाय, आत काहीतरी दिसतंय. ते आले. एकटे. बावीस वर्षं दर रविवारी येतायत.”

“आणि?” मापबाईंनी विचारलं.

“आणि दाराकडे बघत बसतात,” मालकीणबाई म्हणाल्या.

ज्या घरामुळे आपलं माणूस गेलं, असं म्हणून मापबाई इतकी वर्षं जळत होत्या, त्या घरातल्या बाईला ते माणूस मिळालंच नव्हतं. तिने मापबाईंवर दात धरला होता, मापबाईंनी त्याच्यावर, आणि तो निवांत पुस्तक लिहीत होता. सुताराला मध्ये ओढायचं मनात नव्हतं, असं मालकीणबाई सांगत होत्या. बाहेरचा कोणी चोर ठरेल असं त्यांना वाटलं होतं. सकाळपासून खरं सांगायला तोंड उघडायच्या आणि ग्रंथकार आपल्याकडे बघतायत हे दिसलं की शब्द फुटायचा नाही.

घड्याळात पावणेपाच झाले होते. मापबाई म्हणाल्या, की हवं तर तुमच्या वतीने मी सांगते. मालकीणबाईंनी नको म्हटलं.

सात

मालकीणबाईंनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, उभ्याउभ्या. सुतार होता, भाचा होता, मापबाई होत्या. पट्टी कुठून काढली, आकडे कसे कोरले, काल संध्याकाळी पाचर कशी सोडवली, यातलं काहीच त्यांनी गाळलं नाही. कोणासाठी केलं, तेही सांगितलं. ते सांगताना त्यांनी ग्रंथकारांकडे सरळ पाहिलं.

सुताराने तोंड फिरवून डोळे पुसले. भाचा पहिल्यांदाच मावशीकडे निरखून बघत होता. ग्रंथकार खुर्चीत बसले. पुस्तकाची तिसरी आवृत्ती त्यांच्या मांडीवर होती. त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला, की मापबाईंना भीती वाटली. या क्षणाची त्यांनी बावीस वर्षं वाट पाहिली होती, आणि आता तो नको असं त्यांना झालं होतं.

ग्रंथकारांनी मान वर केली आणि मापबाईंना विचारलं, की मग घराचं खरं वय किती. मापबाई म्हणाल्या, पुढचं बांधकाम तेव्हा सव्वाशेचं होतं, म्हणजे आता दीडशेच्या आत, मागचं त्यानंतर कधीतरी जोडलेलं. ते त्यांच्या जुन्या अहवालात आहे.

त्यांनी खिशातून वही काढली.

“हे पहिल्यापेक्षा चांगलं पुस्तक होईल,” ते सावकाश म्हणाले. चेहऱ्यावर रंग परत येत होता. “एका खोट्या तुळईची गोष्ट. एका जुन्या सुताराच्या मुलीने एकटीने केलेलं काम, आणि बावीस वर्षं कोणाच्याही लक्षात न आलेलं. फार सुंदर आहे हे.” मग ते मालकीणबाईंकडे वळले, पेन उघडून. “आकडे कोरताना तुम्ही पटाशी कोणती वापरली होती? किती इंची?”

मालकीणबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. बावीस वर्षांतला प्रत्येक रविवार त्या मनात पुन्हा एकदा मोजत होत्या, असं मापबाईंना वाटलं.

“अर्ध्या इंची,” त्या म्हणाल्या. “लिहून घ्या. आता आधी या सुताराची माफी मागा. आणि पुढच्या रविवारपासून येऊ नका.”

ग्रंथकार गोंधळले. त्यांनी माफी मागितली, तीही बरी मागितली. भाषणांची सवय होती. सुताराने मान हलवली आणि मुलीला फोन लावायला तो बाजूला गेला. मग ग्रंथकार अंगण ओलांडून निघाले. फाटकाशी त्यांना काहीतरी आठवलं आणि ते वळले.

“अगं,” बावीस वर्षांनी त्यांनी पहिल्यांदा हाक मारली, “ती सगळी मापं मला पाठवशील ना?”

मापबाईंना वाटलं होतं, तो एक शब्द पुन्हा ऐकला तर आपलं काही खरं नाही. तो ऐकला, आणि काहीच झालं नाही. फाटकाशी एक म्हातारा होत चाललेला, पांढऱ्या शर्टातला, हातात वही धरलेला माणूस उभा होता, आणि त्याच्यात जळण्यासारखं काही दिसत नव्हतं.

“नाही,” त्या म्हणाल्या.

एवढं म्हणायला फार उशीर झाला, असं त्यांना वाटलं. त्या पडवीच्या पायरीवर मालकीणबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या, आणि दोघींपैकी कोणीही फाटक लावायला उठलं नाही.